एकाच शहरात तीस वर्षांचे अंतर: गरिबी, वर्णभेद आणि वस्तीचे आरोग्य

पारिजातक (धागाकर्ती)

नमस्कार. गेली चौदा वर्षे मी शिकागोच्या पश्चिम भागातील एका औषधांच्या दुकानात फार्मसिस्ट म्हणून काम करते. आमच्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेक जण कृष्णवर्णीय आहेत आणि त्यांतील पुष्कळांचे महिन्याचे शेवटचे आठ दिवस फार ओढाताणीचे असतात. रोजची रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड घेणारे, दम्याचा एकच पंप दोन भावंडांत वापरणारे, इन्सुलिन पुरवून पुरवून टोचणारे लोक मी नित्य पाहते. एक आजी दोन बस बदलून येतात, कारण त्यांच्या वस्तीतले औषधांचे दुकान काही वर्षांपूर्वी बंद झाले. आता आमचेही दुकान बंद होण्याची चर्चा सुरू आहे.

या शहरात तळ्याकाठी स्ट्रीटरव्हिल नावाची वस्ती आहे आणि तिथून पंधरा किलोमीटरच्या आसपास दक्षिणेला एंगलवुड. न्यू यॉर्क विद्यापीठाच्या वैद्यकीय अभ्यासकांनी २०१९ साली अमेरिकेतील पाचशे मोठ्या शहरांतील वस्त्यांचे आयुर्मान ताडून पाहिले, तेव्हा सर्वांत मोठी दरी शिकागोत निघाली. स्ट्रीटरव्हिलमध्ये सरासरी आयुर्मान ९० वर्षे होते आणि एंगलवुडमध्ये ६०. पहिल्या वस्तीत बहुसंख्य लोक गोरे आणि सधन आहेत. दुसरीत जवळजवळ सगळे कृष्णवर्णीय आणि बहुतांश गरीब आहेत.

गेल्या महिन्यात पुण्याहून आलेल्या एका नातेवाइकांना मी हे सांगितले. ते म्हणाले, "या लोकांचे खाणेपिणेच तसे असते, त्याला कोण काय करणार?" मला तिथल्या तिथे नीट उत्तर देता आले नाही आणि ते मनाला लागून राहिले. म्हणून येथे विचारते आहे: हे अंतर गरिबीचे आहे की वर्णभेदाचे? आणि या देशात येऊन स्थिरावलेल्या आपल्यासारख्या लोकांचा त्यात काही वाटा आहे का?

सांजवात

मी पुण्यात राहते, त्यामुळे माझी माहिती बातम्यांपुरतीच आहे. परंतु शिकागो म्हटले की गोळीबाराच्या घटना डोळ्यांसमोर येतात. तरुण मुले अशी मारली जात असतील, तर सरासरी आयुर्मान खाली येणारच. या अंतराचे मुख्य कारण तेच नसेल का?

पारिजातक

सांजवात, ते एक कारण निश्चित आहे आणि ते लहान नाही. परंतु हृदयविकार, कर्करोग, मधुमेह, अर्भकमृत्यू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मृत्यू यांचा वाटा एकत्र धरला, तर तो त्याहून पुष्कळ मोठा होतो. मी ज्यांना औषधे देते, त्यांतील बहुतेक जण पंचावन्न-साठीच्या आसपास हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकाराने जातात. त्यांची बातमी होत नाही, एवढाच फरक आहे.

गणिती

माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते स्पष्टपणे मांडतो. आरोग्यातील विषमतेचा मुख्य आधार उत्पन्न आहे. ॲन केस आणि अँगस डीटन या अर्थशास्त्रज्ञांनी २०१५ साली दाखवून दिले की मध्यमवयीन गोऱ्या अमेरिकनांचा मृत्युदर १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून वाढू लागला होता, आणि त्यातही ज्यांचे शिक्षण शाळेपुरते होते त्यांची अवस्था सर्वांत वाईट होती. वेस्ट व्हर्जिनियातील मॅकडॉवेल परगणा पाहा. तिथे बहुसंख्य लोक गोरे आहेत, कोळशाच्या खाणी बंद पडल्या आहेत आणि आयुर्मान देशाच्या सरासरीच्या कितीतरी खाली आहे. त्या लोकांना वर्णभेद सोसावा लागलेला नाही. त्यांना गरिबीने, बेकारीने आणि वेदनाशामक गोळ्यांच्या व्यसनाने मारले. सगळा भार वर्णावर टाकला, तर या गरिबांकडे दुर्लक्ष होईल आणि त्यांचा राग भलतीकडे वळेल, अशी मला खरोखर काळजी वाटते.

दवाखाना

गणिती यांची काळजी योग्य आहे, पण निष्कर्ष अपुरा आहे. मी या देशात बावीस वर्षे स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्रात काम करते आहे, त्यामुळे माझ्या क्षेत्रातले उदाहरण देते.

२०२१ साली अमेरिकेत दर एक लाख जिवंत जन्मांमागे ६९.९ कृष्णवर्णीय मातांचा मृत्यू झाला. गोऱ्या मातांमध्ये हेच प्रमाण २६.६ होते. गरिबी हेच संपूर्ण कारण असते, तर सुशिक्षित आणि कमावत्या स्त्रियांमध्ये हा फरक मिटायला हवा होता. प्रत्यक्षात उलटे दिसते. राष्ट्रीय रोगनियंत्रण संस्थेने २००७ ते २०१६ या काळाची आकडेवारी तपासली, तेव्हा महाविद्यालयीन पदवी असलेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांमधील गर्भधारणेशी निगडित मृत्यूंचे प्रमाण तितक्याच शिकलेल्या गोऱ्या स्त्रियांच्या पाचपट निघाले. इतकेच नव्हे, तर शालेय शिक्षणही पूर्ण न केलेल्या गोऱ्या स्त्रियांपेक्षाही ते जास्त होते. सेरेना विल्यम्स यांना २०१७ साली बाळंतपणानंतर फुप्फुसात रक्ताची गुठळी झाल्याची शंका आली, तेव्हा त्यांना स्वतःला आग्रह धरून तपासणी करवून घ्यावी लागली. त्यांच्याकडे पैशांची, कीर्तीची किंवा आपल्या शरीराच्या जाणिवेची कमतरता नव्हती.

यामागे दोन गोष्टी आहेत. पहिली म्हणजे दीर्घकाळची झीज. अर्लिन जेरोनिमस या संशोधिकेने १९९२ साली असे मांडले की सतत अपमान, असुरक्षितता आणि ताण सोसणाऱ्या स्त्रीचे शरीर वयापेक्षा लवकर थकते. गोऱ्या स्त्रियांची विशीतली बाळंतपणे कुमारवयातल्यांपेक्षा सुरक्षित असतात, पण त्यांना कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये तसे आढळले नाही, कारण विशी सरेपर्यंतच शरीराने बरेच काही सोसलेले असते. खडक ऊनपावसाने झिजतो, तोच शब्द त्यांनी यासाठी वापरला.

दुसरी गोष्ट आम्हा डॉक्टरांची आहे. २०२१ पर्यंत मूत्रपिंडाची कार्यक्षमता काढण्याच्या प्रचलित सूत्रात रुग्ण कृष्णवर्णीय असेल, तर आकडा वाढवून धरला जात असे. त्यामुळे मूत्रपिंड आहे त्याहून चांगले दिसे आणि प्रत्यारोपणाच्या यादीत नाव उशिरा लागे. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर गडद त्वचेच्या रुग्णांमधली ऑक्सिजनची कमतरता सुमारे तिप्पट वेळा चुकवते, हे मिशिगन विद्यापीठातील डॉक्टरांनी डिसेंबर २०२० मध्ये, म्हणजे करोनाच्या ऐन लाटेत दाखवून दिले. ही यंत्रे आणि सूत्रे करणाऱ्यांच्या मनात द्वेष असेलच असे नाही. पण ऑक्सिमीटर ज्यांच्या शरीरांवर तपासले गेले, ती बहुतांशी गोरी होती आणि मूत्रपिंडाच्या सूत्रात गोरे शरीर हेच प्रमाण धरले होते.

उंबरठा

दवाखाना, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. आपली त्वचाही गडदच असते. मग ऑक्सिमीटरची ही त्रुटी आपल्यालाही लागू होत असेल ना?

दवाखाना

होय, त्वचेतील रंगद्रव्याचा हा प्रश्न असल्यामुळे तो आपल्यालाही काही प्रमाणात लागू होतो. करोनाच्या काळात आपल्याकडे घरोघरी आलेल्या ऑक्सिमीटरांच्या आकड्यांवर आपण किती विसंबलो होतो, हे आठवले की मला अजूनही अस्वस्थ वाटते.

याच ओघात एक सांगते, जे मी आजवर फारसे कुणाला सांगितलेले नाही. माझे शिक्षण नागपुरात झाले. विदर्भात आदिवासी आणि दलित समाजांत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण पुष्कळ असतात, त्यामुळे सांधे धरून कण्हणारी लहान मुले मी विद्यार्थिदशेतच पाहिली होती आणि ती वेदना किती भयंकर असते, ते मला ठाऊक होते. हिवतापाशी झुंजताना तगून राहिलेले ते जनुक आहे. कातडीच्या रंगाशी त्याचा संबंध नाही. अमेरिकेत मात्र या आजाराचे बहुतेक रुग्ण कृष्णवर्णीय आहेत. प्रशिक्षणाच्या पहिल्या वर्षी रात्रपाळीला एक तरुण गर्भवती अशीच वेदनेने तळमळत आली. तिने औषधाचे नाव आणि मात्रा अचूक सांगितली. माझ्या वरिष्ठांनी मला बाजूला घेऊन सांगितले, की हिला औषधाची नावे पाठ आहेत, म्हणजे ही व्यसनी असणार, थांब. आणि मी थांबले. दीड तास थांबले. आयुष्यभर दर दोन महिन्यांनी रुग्णालयात यावे लागणाऱ्या बाईला आपल्या औषधाचे नाव पाठ नसेल, तर कुणाला असेल? नागपुरात जे मला दिसत होते, ते तिथे वर्षभरात दिसेनासे झाले होते. तिचा चेहरा मी विसरलेले नाही.

सांजवात

तुम्ही हे लिहिलेत, याबद्दल मनापासून आभार.

जुनावाचक

मला इतिहासाकडे वळावेसे वाटते, कारण पारिजातक यांच्या नातेवाइकांच्या प्रश्नाचे उत्तर तिथे आहे.

१९३३ साली मंदीच्या तडाख्यात सापडलेल्या घरमालकांसाठी अमेरिकी सरकारने गृहकर्ज संस्था काढली. या संस्थेने पुढच्या काही वर्षांत दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे तयार केले. त्यांत सर्वांत भरवशाच्या वस्त्या हिरव्या, त्याखालच्या निळ्या, मग पिवळ्या आणि सर्वांत धोक्याच्या वस्त्या लाल रंगवलेल्या होत्या. कृष्णवर्णीयांची वस्ती, मग तिथले लोक कितीही कष्टाळू आणि घरे कितीही नीटनेटकी असोत, बहुधा लालच रंगवली जाई. १९३४ साली स्थापन झालेल्या संघीय गृहनिर्माण प्रशासनानेही अशा वस्त्यांतील कर्जांना हमी देण्याचे टाळले. ज्या काळात गोऱ्या मध्यमवर्गाने सरकारी हमीवर उपनगरांत घरे घेतली आणि ती मुलांना वारसा म्हणून दिली, त्या काळात कृष्णवर्णीयांना बँकेचे दार बंद होते.

शिकागोच्या नॉर्थ लॉनडेलमध्ये याचे काय झाले, ते पाहा. कर्ज मिळत नसल्यामुळे तिथल्या कुटुंबांना दलालांकडून घरे करारावर, अव्वाच्या सव्वा किमतीला घ्यावी लागत. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत घर नावावर होत नसे आणि एक हप्ता चुकला, तरी आधीचे सगळे पैसे बुडून कुटुंब रस्त्यावर येई. अशा करारांमुळे शिकागोतील कृष्णवर्णीयांचे आजच्या हिशेबाने ३ ते ४ अब्ज डॉलर बुडाले, असा अंदाज ड्यूक विद्यापीठातील अभ्यासकांनी २०१९ साली मांडला. आता हे पैशांचे गणित शरीराच्या भाषेत वाचा. हप्ता चुकू नये म्हणून आई आणि वडील दोघेही दोन-दोन नोकऱ्या करतात. घराचे तुकडे करून भाडेकरू ठेवतात, म्हणून गर्दी वाढते. दुरुस्तीला पैसा उरत नाही, म्हणून भिंतींवरचा शिशाचा जुना रंग सोलवटून लहान मुलांच्या तोंडात जातो. रक्तदाब, दमा आणि शिशाची बाधा यांना वर्णभेदाचा गंधही नाही असे वाटते, पण त्यांचा उगम त्या नकाशात आहे.

मार्टिन ल्यूथर किंग १९६६ च्या जानेवारीत याच नॉर्थ लॉनडेलमधल्या एका मोडकळीस आलेल्या घरात राहायला आले होते. घरांच्या बाबतीत भेदभावाला बंदी करणारा कायदा एप्रिल १९६८ मध्ये, त्यांच्या हत्येनंतर आठवड्याभराने झाला.

आपला संबंध विचारला आहे, म्हणून दोन गोष्टी सांगतो. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतील ज्या सज्जनांनी गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसली, त्यांना अर्पण केले. त्यांच्यासाठी तो लांबच्या देशातला परका प्रश्न नव्हता. आणि १९६५ चा ज्या स्थलांतर कायद्यामुळे आपले डॉक्टर आणि अभियंते या देशात येऊ शकले, तो नागरी हक्कांच्या चळवळीने घडवलेल्या वातावरणातच मंजूर झाला. ते दार ज्यांनी उघडवले, त्यांच्याच वस्त्या लाल रंगवलेल्या होत्या.

कृष्णाकाठ

नॉर्थ लॉनडेलचे नाव वाचून मला १९९५ चा जुलै आठवला. लग्न होऊन शिकागोत आल्याला मला जेमतेम पाच महिने झाले होते. १३ जुलैला मिडवे विमानतळावर १०६ अंश फॅरनहाइट, म्हणजे ४१ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. मी सांगली जिल्ह्यातली असल्यामुळे मला त्या आकड्याची भीती वाटली नाही. आमच्याकडे चैत्र-वैशाखात हे नेहमीचेच असते. पण तिथली विटांची घरे थंडीसाठी बांधलेली होती, त्यांत उष्णता कोंडून राही आणि रात्रीही गारवा मिळत नसे. वीज जात होती. शवागारात जागा उरली नाही, म्हणून बाहेर शीतवाहनांची रांग लावली होती, ते दूरदर्शनवर पाहून माझे हातपाय गळाले होते. त्या एका आठवड्यात नेहमीपेक्षा ७३९ माणसे जास्त दगावली. त्यांतील बहुतेक वृद्ध होती, गरीब होती आणि एकटी राहत होती.

पुढे एरिक क्लायनेनबर्ग या समाजशास्त्रज्ञांनी शेजारशेजारच्या दोन वस्त्यांची तुलना केली. नॉर्थ लॉनडेलमध्ये कृष्णवर्णीय लोक राहत; त्याला लागून असलेल्या साउथ लॉनडेलमध्ये मुख्यतः मेक्सिकन. दोन्हीकडे गरिबी होती, एकटे राहणारे म्हातारे दोन्हीकडे होते. तरीही नॉर्थ लॉनडेलमधला मृत्युदर साउथ लॉनडेलच्या सुमारे दहापट होता. साउथ लॉनडेलमध्ये रस्ते गजबजलेले होते, कोपऱ्याकोपऱ्यावर दुकाने होती, म्हातारा माणूस सावलीतून चालत जाऊन थंडगार दुकानात तासभर बसू शकत होता आणि तो दोन दिवस दिसला नाही, तर कुणीतरी दार वाजवत होते. नॉर्थ लॉनडेलमधले कारखाने गेले होते, दुकाने गेली होती, निम्म्याहून अधिक लोक सोडून गेले होते आणि मधे ओसाड जागा पडल्या होत्या. तिथल्या म्हाताऱ्यांनी भीतीपोटी खिडक्या खिळे ठोकून बंद केल्या होत्या आणि त्या बंद खोल्यांतच ते गेले.

आमच्या गावात पारावर रोज बसणारा माणूस एक दिवस आला नाही, तर संध्याकाळपर्यंत त्याच्या घरी चौकशी जाते. पार हेही आरोग्याचे साधन आहे, हे मला परदेशात येऊन कळले.

गणिती

कृष्णाकाठ यांच्या उदाहरणाने माझ्यापुढे प्रामाणिक पेच उभा केला आहे, आणि तो दोन्ही बाजूंनी आहे. साउथ लॉनडेलमधले मेक्सिकन लोकही गरीब होते, म्हणजे केवळ उत्पन्नाने हा फरक समजत नाही, हे मी मान्य करतो. पण भेदभाव तर त्यांच्याही वाट्याला येतो. मग केवळ वर्णभेदानेही तो समजत नाही. याचे उत्तर काय?

जुनावाचक

माझ्या मते उत्तर असे की गरिबी आणि वर्णभेद यांची बेरीज करून भागत नाही. वर्णभेदाने काही वस्त्यांमधून पैसा, दुकाने, दवाखाने आणि माणसेसुद्धा काढून घेतली. १९६० साली नॉर्थ लॉनडेलमध्ये सव्वा लाख लोक राहत होते, आज पस्तीस हजारांच्या आसपास आहेत. मेक्सिकन वस्तीत नवे स्थलांतरित येत राहिले, त्यामुळे ती भरलेली राहिली. तुमच्या मॅकडॉवेल परगण्यातही तेच घडले आहे: खाणी गेल्या आणि मागोमाग सगळे गेले. फरक एवढाच की तिथे ते कोळशाच्या बाजारामुळे एका पिढीत घडले आणि येथे सरकारी शिक्का मारून, रंग बघून, तीन पिढ्या घडवून आणले गेले. दोन्हीकडच्या माणसांचे दुःख सारखेच खरे आहे.

त्या नकाशांबद्दल आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. २०२० साली १०८ शहरांची पाहणी झाली, तेव्हा पूर्वी लाल रंगवलेल्या वस्त्या हिरव्या वस्त्यांपेक्षा उन्हाळ्यात सरासरी सुमारे २.६ अंश सेल्सिअसने अधिक तापतात, असे दिसले. तिथे झाडे कमी आणि डांबर जास्त आहे.

मिशिगनकर

मी फ्लिंटपासून तासाभराच्या अंतरावर राहतो. एप्रिल २०१४ मध्ये, राज्याने नेमलेल्या व्यवस्थापकाच्या अमलात, खर्च वाचवण्यासाठी या शहराचे पाणी ह्युरॉन तळ्याऐवजी फ्लिंट नदीतून घेतले जाऊ लागले. नळ गंजू नयेत म्हणून पाण्यात मिसळायचे द्रव्य मिसळले गेले नाही आणि जुन्या नळांतले शिसे पाण्यात उतरले. शहरातले निम्म्याहून अधिक लोक कृष्णवर्णीय होते आणि सुमारे चाळीस टक्के दारिद्र्यरेषेखाली. लोक तपकिरी पाण्याच्या बाटल्या घेऊन सभांना जात होते आणि पाणी सुरक्षित आहे, असे त्यांना सांगितले जात होते.

मी मोटार उद्योगात काम करतो, म्हणून मला ही गोष्ट सर्वांत जास्त बोचते: जनरल मोटर्सच्या तिथल्या इंजिन कारखान्याने या पाण्याने सुटे भाग गंजतात म्हणून ऑक्टोबर २०१४ मध्येच ते वापरणे थांबवले आणि त्यांना दुसरीकडचे पाणी मिळाले. माणसांना ते मिळायला आणखी एक वर्ष लागले. मोना हॅना-अतिशा या बालरोगतज्ज्ञांनी सप्टेंबर २०१५ मध्ये मुलांच्या रक्तातील शिशाचे आकडे जाहीरपणे मांडले, तेव्हा कुठे हालचाल झाली. शिसे मुलांच्या मेंदूत एकदा गेले, की झालेले नुकसान भरून निघत नाही.

आमच्या मंडळातल्या काही जणांनी तेव्हा दोन शनिवार पाण्याच्या पेट्या पोहोचवल्या. तिसऱ्या शनिवारी गणेशोत्सवाच्या हिशेबाची बैठक होती, म्हणून गेलो नाही, आणि नंतर पुन्हा गेलोच नाही. एका घरातल्या बाईंनी मला विचारले होते, "पुढच्या आठवड्यात याल ना?" मी "हो" म्हणालो होतो.

उंबरठा

थोडे अवांतर वाटेल, पण विषयाला धरूनच आहे. आपल्या अनेक घरांत या लोकांचा उल्लेख 'कल्लू' असा केला जातो. आमच्याही घरात होत असे. माझ्या मुलीने दहावीत असताना आजोबांना शांतपणे सांगितले, की तिची जिवलग मैत्रीण कृष्णवर्णीय आहे आणि तिला हा शब्द मराठीतला असला, तरी पुरता समजतो. त्या दिवसापासून घरात तो शब्द बंद झाला. दवाखाना यांच्या रात्रपाळीतल्या अनुभवाची सुरुवात अशा शब्दांतून होत असावी, असे मला आज वाटले.

सांजवात

माझा आणखी एक प्रश्न आहे. करोनाच्या लशीच्या वेळी कृष्णवर्णीय लोक सुरुवातीला लस घ्यायला कचरत होते, असे वाचले होते. हे तर त्यांच्याच हातात होते ना?

दवाखाना

त्या कचरण्यामागे टस्कीगीच्या प्रयोगाची आठवण आहे. अलाबामा राज्यातील मेकन परगण्यात १९३२ पासून १९७२ पर्यंत सरकारी आरोग्यसेवेने सुमारे सहाशे कृष्णवर्णीय पुरुषांना पाहणीखाली ठेवले. त्यांपैकी ३९९ जणांना उपदंश होता. त्यांना आजार सांगितला नाही आणि १९४७ च्या सुमारास पेनिसिलिन हा प्रस्थापित उपचार झाल्यावरही ते दिले नाही, कारण आजार शेवटपर्यंत कसा वाढतो, ते पाहायचे होते. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी १९९७ साली माफी मागितली, तेव्हा त्यांतील अगदी मोजके लोक जिवंत होते. तरीही मी असे सांगेन, की माझ्या रुग्णांचा अविश्वास मुख्यतः १९७२ च्या गोष्टीतून येत नाही. गेल्या महिन्यात कुणीतरी त्यांच्याशी कसे वागले, त्यातून येतो.

आणि "खाणेपिणेच तसे" या वाक्याला माझे उत्तर मिसिसिपी राज्यात आहे. १९६६ साली वृद्धांसाठीची मेडिकेअर योजना सुरू झाली. भेदभाव करणाऱ्या रुग्णालयाला केंद्राचा पैसा मिळणार नाही, असे १९६४ च्या नागरी हक्क कायद्यामुळे ठरले होते. तेव्हा काही महिन्यांत हजाराहून अधिक रुग्णालयांनी आपले वेगवेगळे वॉर्ड आणि दरवाजे मोडीत काढले. पुढच्या पाच-सहा वर्षांत मिसिसिपीतील कृष्णवर्णीय अर्भकांचे जुलाब आणि न्यूमोनियाने होणारे मृत्यू झपाट्याने घटले. त्या आयांची जात-कूळ, खाणेपिणे, सवयी काहीही बदलले नव्हते. रुग्णालयाचे दार उघडले होते.

माणदेशी

मिसिसिपीचाच विषय निघाला आहे, तर माउंड बायूविषयी लिहितो. १९६०च्या दशकात जॅक गायगर आणि जॉन हॅच यांनी तिथे अमेरिकेतील पहिले ग्रामीण सामुदायिक आरोग्य केंद्र उभारले. कापूस वेचणाऱ्यांची मुले उपासमारीने आजारी पडत होती, तेव्हा तिथले डॉक्टर औषधाच्या चिठ्ठीवर दूध, भाज्या आणि मांस लिहून देत, किराणा दुकानदार ते देत आणि बिल केंद्राच्या औषधांच्या खात्यातून फेडले जाई. वरिष्ठांनी यावर आक्षेप घेतला, तेव्हा गायगर यांनी उत्तर दिले, की कुपोषणावरचा उपचार पुस्तकात अन्न असाच दिलेला आहे. या केंद्राने विहिरी खणल्या, शौचालये बांधली, सहकारी शेती काढली.

मी माण तालुक्यातला असलो, तरी जामखेडला काही काळ काम केले आहे. १९७० साली रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने तिथे काम सुरू केले, तेव्हा गावातल्याच निरक्षर, बहुतेक दलित आणि वंचित समाजांतल्या बायांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून शिकवले. सवर्णांच्या घरातली बाळंतीण अडली, की त्याच बाईला बोलवावे लागे आणि ती उंबरठ्याच्या आत जाई. विहिरीचे पाणी, बाळंतपण आणि शिवाशिव हे तिथे वेगवेगळे विषय नव्हतेच. माउंड बायूच्या गोष्टी वाचताना मला आमच्याच गावाचे वाटत राहिले.

शिकागोकर

लोकांनी मागितले, की मिळते, याचे शिकागोतले उदाहरण नोंदवतो. १९९१ पासून २०१८ पर्यंत शहराच्या दक्षिण भागात प्रौढांसाठी अतिगंभीर जखमांवर उपचार करणारे एकही केंद्र नव्हते. २०१० साली अठरा वर्षांच्या एका तरुण कार्यकर्त्याला गोळी लागली. शिकागो विद्यापीठाचे मोठे रुग्णालय तिथून हाकेच्या अंतरावर होते, पण तिथे ती सोय नसल्यामुळे त्याला शहराच्या मध्यभागी न्यावे लागले आणि तो गेला. त्याचे मित्र, आई आणि वस्तीतले लोक पुढची काही वर्षे मोर्चे काढत राहिले, अटक करवून घेत राहिले. मे २०१८ मध्ये त्या विद्यापीठाच्या रुग्णालयात ते केंद्र सुरू झाले.

उंबरठा

पारिजातक यांचा दुसरा प्रश्न, आपला वाटा काय, हा मागे पडला आहे. मी त्याचे उत्तर देण्याचा प्रयत्न करते.

आम्ही २०११ साली पश्चिमेकडच्या एका उपनगरात घर घेतले. दलालाने नकाशा पुढे ठेवला. शाळांचे गुणांकन, घरांच्या वाढत्या किमती, 'चांगली वस्ती'. आम्ही ओळखीच्या प्रत्येक मराठी कुटुंबाला विचारले आणि प्रत्येकाने कुठे घर घेऊ नये, ते बोटाने दाखवले. ती बोटे आणि जुनावाचक यांनी सांगितलेला लाल रंग एकाच ठिकाणी पडतात, हे मला हा धागा वाचताना उमगले. येथे शाळांचा बराच खर्च त्या त्या गावच्या घरपट्टीतून चालतो. आम्ही आणि आमच्यासारखे सगळे एकीकडे गेलो, की पैसा, दुकाने, डॉक्टर, औषधांची दुकाने आमच्या मागोमाग येतात, आणि ती कुठून तरी निघूनच येतात. मुलांसाठी चांगली शाळा शोधली, याचा मला पश्चात्ताप नाही. पण माझी निवड कुणाच्या आयुष्याशी संबंधित नाही, असे मात्र मी आता म्हणू शकत नाही.

गणिती

उंबरठा, मीही असेच घर घेतले आहे. माझे मूळ मत मी काही अंशी बदलले आहे. मॅकडॉवेलच्या खाणकामगारांविषयीची माझी काळजी कायम आहे, पण दवाखाना यांनी दिलेल्या पदवीधर मातांच्या आकड्याला माझ्याकडे उत्तर नाही.

पारिजातक

सर्वांचे आभार. मी हे सगळे प्रतिसाद त्या नातेवाइकांना पाठवले आहेत. मिसिसिपीच्या परिच्छेदाखाली त्यांनी "हे मला माहीत नव्हते" एवढेच लिहिले आहे.

एक बातमी आहे. आमचे दुकान दोन महिन्यांत बंद करण्याचे ठरले आहे. दोन बस बदलून येणाऱ्या त्या आजींना आता तीन बदलाव्या लागतील. त्यांनीच काल मला सांगितले, की त्यांच्या चर्चच्या तळघरात गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता वस्तीतल्या लोकांची सभा आहे, नगरसेवक येणार आहेत, आणि किती लोकांना कोणती औषधे दर महिन्याला लागतात, हे सांगणारे कुणीतरी हवे आहे. मी नावे न सांगता आकडे काढून ठेवले आहेत आणि जाणार आहे.

उंबरठा

गुरुवारी मी पाच वाजता मोकळी होते. पत्ता मला वैयक्तिक निरोपात कळवा, मीही येते.

मिशिगनकर

मला तिथे पोहोचायला साडेचार तास लागतील. मीही येतो.